तुमचे प्रश्न, ताईंची उत्तरं : चार नगरसेवक आणि एक तुंबलेलं चेंबर

मागच्या महिन्यात या सदरात आपण म्हटलं होतं की नगरसेवक, प्रभागातली कामं, पक्षांची भांडणं यावर काय विचारायचं ते विचारा, तर एवढी पत्रं आणि मेसेज आले की सगळ्यांना उत्तर देणं शक्यच नाही. त्यातले सहा प्रश्न घेतलेत. कुणाचंही नाव-गाव छापत नाहीये, बऱ्याच जणांनी तशी विनंती केलीय आणि ते बरोबरच आहे, त्यांना त्याच गल्लीत राहायचंय. मी स्वतः दोन टर्म नगरसेविका होते, एकदा सत्तेत आणि एकदा विरोधात, त्यामुळे जे सांगतेय ते थोडं कायद्यातलं आणि थोडं अनुभवातलं.

प्रश्न : ताई, आमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत, दोन एका पक्षाचे आणि दोन दुसऱ्या. गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर दीड महिना झाला तुंबतंय, घाण पाणी दारात येतं. एकजण म्हणतात तो भाग माझ्याकडे येत नाही, दुसऱ्या म्हणतात ज्यांना मत दिलंत त्यांनाच विचारा, तिसरे फोन उचलत नाहीत, चौथे आले, फोटो काढला आणि गेले. जबाबदारी नक्की कुणाची?

चौघांचीही. हे आधी पक्कं लक्षात घ्या. मुंबईत 227 प्रभाग आहेत आणि प्रत्येकात एकच नगरसेवक, पण बाकीच्या महापालिकांमध्ये एका प्रभागातून जास्त सदस्य निवडून येतात, बहुतेक ठिकाणी चार. त्या चार जागांना अ, ब, क, ड जे म्हणतात ना ते आरक्षणासाठी आणि मतदानासाठी असतं, भाग वाटून देण्यासाठी नाही. मंदिरापासून अलीकडचं अ चं आणि पलीकडचं ब चं असं कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही, ते हे लोक निवडून आल्यावर आपापसात ठरवतात आणि मग तुम्हाला सांगतात की माझ्याकडे येत नाही. तुम्ही मतदानाला चार बटणं दाबलीत, चौघेही अख्ख्या प्रभागाचे.

आता दुसरी गोष्ट, जी नगरसेवक स्वतःहून सांगत नाहीत. चेंबर साफ करणं हे नगरसेवकाचं काम नाहीच, ते प्रशासनाचं काम आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 च्या कलम 63 मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिलीत, त्यात सांडपाणी, झाडलोट, दिवाबत्ती, पाणी सगळं येतं, आणि कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात, म्हणजे नगरसेवक कुठल्याही कामाच्या वर्क ऑर्डरवर सही करू शकत नाही. तो पाठपुरावा करतो, पैसे मंजूर करून घेतो, सभेत विचारतो. म्हणून पहिली तक्रार वॉर्ड ऑफिसला, ड्रेनेजच्या जेईकडे, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याकडे, आणि तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. तोंडी सांगून आलात तर ती तक्रार झालीच नाही असं समजा.

जेईला एक प्रश्न आवर्जून विचारा, की हे जेटिंग मशीन, म्हणजे जोरात पाणी मारून लाईन साफ करणारी गाडी, लावून सुटणारं आहे की लाईन बदलावी लागणार आहे. कारण जुन्या भागात काय झालंय, जिथं बंगले आणि बैठी घरं होती तिथं आता सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या पण खालची लाईन तीच सहा इंची, मग ती कितीही वेळा साफ केली तरी महिन्याभरात परत तुंबणारच. तसं असेल तर तुम्ही दर महिन्याला जेटिंगची गाडी मागवून दमून जाल. लाईन बदलायची तर एस्टिमेट लागतं, बजेटमध्ये तरतूद लागते, आणि तिथं नगरसेवक खरोखर उपयोगाचा असतो.

मग पत्र लिहायचं ते असं, एकच पत्र, वर चौघांचीही नावं एकाखाली एक, खाली गल्लीतल्या जेवढ्या मिळतील तेवढ्या घरांच्या सह्या, सोबत तक्रारीचा नंबर. आणि चौघांच्याही ऑफिसमध्ये त्याच पत्राच्या प्रतीवर पोच घ्यायची. माझ्या दुसऱ्या टर्मला आमच्या प्रभागातल्या एका गल्लीतल्या बायकांनी हेच केलं होतं, माझ्याकडे आल्या तेव्हा पत्रावर आधीच दोन शिक्के होते, दोन्ही समोरच्या पक्षाचे. मी ते शिक्के बघितले आणि त्याच दुपारी इंजिनिअरला फोन केला, खरं सांगते, कारण आपण मागे राहायचं नाही हे डोक्यात आलं. तिकडे त्या दोघांच्याही डोक्यात तेच आलं असणार. पंधरा दिवसांत एस्टिमेट तयार झालं. पक्षांची चढाओढ नेहमी तुमच्या विरोधातच जाते असं नाही, ती आपल्या बाजूला वळवता येते, फक्त तुमचं पत्र कुठल्या एका पक्षाचं होऊ द्यायचं नाही.

प्रश्न : आमच्या रस्त्याचं भूमिपूजन दोनदा झालं. आधी एका पक्षाच्या नगरसेवकांनी नारळ फोडला, आठ दिवसांनी दुसऱ्या पक्षाच्या आमदारांनी येऊन परत फोडला, दोघांचे 'विशेष प्रयत्नातून' असे फ्लेक्स लागले, एकमेकांचे फ्लेक्स फाडले म्हणून पोलीस स्टेशनपर्यंत गेलं. रस्ता झाला आणि एका पावसात उखडला. आता दोघेही म्हणतात तो आमचा नव्हताच.

हे पत्र वाचून राग आला मला, कारण हे फार ठिकाणी चाललंय. पैसे दोघांचेही नव्हते, तुमच्या मिळकतकराचे किंवा सरकारी अनुदानाचे होते, आणि ते कुठल्या खात्यातून आले हे कागदावर लिहिलेलं असतं. आमदार निधी असेल तर तसं, महापालिकेच्या बजेटमधलं असेल तर त्याचं बजेट हेड, म्हणजे खर्चाचं शीर्षक, असतं. श्रेय कुणाचं याचं उत्तर फ्लेक्सवर मिळत नाही, फाईलमध्ये मिळतं.

पण तुम्हाला श्रेयाशी काही घेणंदेणं नाही, तुम्हाला रस्ता पाहिजे. तर तुम्ही शोधायचा शब्द आहे दोषदायित्व कालावधी, ऑफिसात सगळे डीएलपी म्हणतात. ठेकेदारानं काम पूर्ण केल्यावर ठरावीक काळ त्या कामात दोष निघाला तर तो त्यानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून द्यायचा असतो, किती काळ ते त्या कामाच्या टेंडरमध्ये लिहिलेलं असतं. एका पावसात उखडला म्हणजे तुमचा रस्ता नक्कीच त्या काळात असणार. आणि अशा वेळी काय होतं माहितीये का, दुरुस्तीसाठी नवीन टेंडर निघतं, परत पैसे, परत नारळ. ते होऊ द्यायचं नसेल तर आत्ताच लेखी विचारा, कामाचं नाव, ठेकेदार कोण, काम पूर्ण झाल्याची तारीख, डीएलपी कधी संपतो. चार ओळींचा अर्ज आहे हा.

माहितीच्या अधिकारात टाकलंत तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकाच विषयाचा अर्ज, दीडशे शब्दांच्या आत, आणि 30 दिवसांत उत्तर. पण त्याच्याही आधी एक सोपा रस्ता आहे जो कमी लोकांना माहितीये. नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयाप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना फाईली बघायला उपलब्ध करून द्यायच्या आहेत, त्यासाठी आरटीआय टाकायचीही गरज नाही. जा, बसा, मोबाईलमध्ये नोंदी करून घ्या. मेजरमेंट बुक, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाची वही, मागा, त्यात किती जाडीचा थर टाकला म्हणून लिहिलंय ते बघा आणि उखडलेल्या कडेला पट्टी लावून मोजा. पहिल्यांदा गेलात तर तोंड वाकडं करतील, साहेब नाहीत म्हणतील, पण तिसऱ्या सोमवारी खुर्ची देतील.

आणि खड्ड्यांचा विषय आता नुसता गैरसोयीचा राहिलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितलंय की खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. म्हणजे तक्रार करूनही खड्डा तसाच ठेवला तर ते प्रशासनाला महागात पडू शकतं, तुमच्या अर्जात हे एक वाक्य घालायला विसरू नका.

फ्लेक्सबद्दल एवढंच, की परवानगीशिवाय लावलेला बोर्ड महाराष्ट्रात 1995 च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्यानं गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 हजारांपर्यंत दंड. कुठल्याही पक्षाचा असला तरी. घाटकोपरला 13 मे 2024 ला वादळात होर्डिंग पडून 17 माणसं गेली, ते व्यापारी होर्डिंग होतं हे खरं, पण चौकात बांबूला बांधलेला वाढदिवसाचा बोर्डसुद्धा वाऱ्यात दुचाकीवाल्याच्या अंगावर येऊ शकतो.

प्रश्न : मी पहिल्यांदाच निवडून आलोय, वय 29, विरोधी पक्षात. माझ्या प्रभागाच्या कामांना पैसेच मिळत नाहीत, प्रस्ताव दिला की पुढच्या सभेला ठेवू म्हणतात नाहीतर दप्तरी दाखल करतात, म्हणजे फाईल बंद. आता सत्तेतले लोक निरोप पाठवतायत की इकडे या, निधी देतो. कार्यकर्ते पण म्हणतात जाऊया. काय करू ताई?

भाऊ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मी त्या खुर्चीत बसलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कायदा. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम 1986 तुला लागू आहे. पक्षाच्या चिन्हावर निवडून येऊन स्वतःहून पक्ष सोडलास किंवा पक्षादेश डावलून मतदान केलंस तर सदस्यत्व जाऊ शकतं, महापालिकेच्या बाबतीत ते प्रकरण विभागीय आयुक्तांकडे जातं आणि नगरपरिषद असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. अपक्ष निवडून येऊन नंतर पक्षात गेलेल्यालाही हा कायदा सोडत नाही. जे तुला 'काही होत नाही' म्हणून सांगतायत त्यांचं पद जाणार नाहीये, तुझं जाईल.

दुसरं, पैसे कसे फिरतात ते नीट समजून घे, पहिल्या वर्षी कुणी शिकवत नाही. आयुक्त बजेट स्थायी समितीला, म्हणजे नगरसेवकांच्या पैशांचे विषय बघणाऱ्या समितीला, देतात, तिथं 16 जण असतात, ते त्यात बदल करतात आणि मग सर्वसाधारण सभेत मंजूर होतं. विरोधातला माणूस सभेत भाषण करून निधी मागतो तेव्हा उशीर झालेला असतो. खरी वेळ आहे दिवाळीच्या आसपास, जेव्हा खात्यांमध्ये बजेटची अंदाजपत्रकं तयार होत असतात. मी विरोधात असताना पहिल्या वर्षी नुसती ओरडत राहिले आणि हातात काही आलं नाही. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्येच प्रत्येक खात्याच्या इंजिनिअरला घेऊन प्रभागात फिरले, एस्टिमेट करून घेतली, आणि ती आयुक्तांच्या मूळ बजेटमध्ये शिरली. एकदा प्रशासनानंच मांडलेलं काम असलं की ते काढून टाकायला सत्ताधाऱ्यांना कारण द्यावं लागतं, तुझ्या नावानं आलेलं काम काढायला कारण लागत नाही. त्या वर्षी माझ्या प्रभागातल्या पाण्याच्या लाईनीचं काम झालं आणि माझं नाव कुठंच आलं नाही. त्या गल्लीत पाणी आलं, मला तेवढं पुरलं.

आणि मार्च जवळ आला की वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात, म्हणजे एका कामाचे पैसे उचलून दुसऱ्या कामाला द्यायचे. तुझ्या प्रभागाला मंजूर झालेले पैसे असे गुपचूप दुसरीकडे जातात. प्रत्येक विषयपत्रिका वाच, कंटाळा येतो, चाळीस-पन्नास पानं असतात, पण वाच. दिसलं की लेखी विरोध नोंदव, कारणासकट.

लेखी प्रश्न विचारायचा अधिकार तुला आहे तो वापर. सभेत टेबल वाजवून झालेला गोंधळ दुसऱ्या दिवशी पेपरात येतो आणि संपतो, लेखी प्रश्नाला प्रशासनाला कागदावर उत्तर द्यावं लागतं आणि तो कागद तुझ्या हातात राहतो. पुण्यात 2006 पासून नागरिकांनी सुचवलेली छोटी कामं बजेटमध्ये घ्यायची पद्धत आहे, तुमच्याकडे तसं काही असेल तर लोकांकडून अर्ज भरून घे, तिथं तुझा पक्ष आडवा येत नाही.

निरोपाचं म्हणशील तर जाऊ नकोस. मी तुझ्या पक्षाची नाही, म्हणून हे सांगायला मला काही अडचण नाही. ज्या लोकांनी समोरच्याला नाकारून तुला निवडलंय त्यांना विचारल्याशिवाय त्याच समोरच्याच्या शेजारी जाऊन बसायचं, आणि ते सुद्धा त्यांच्याच कराचे पैसे त्यांना परत मिळावेत म्हणून, हे मला पटत नाही. आणि निधी देतो हे वचन कुणी लिहून देत नाही.

प्रश्न : रेशन कार्ड, लाईट जाणं, शेजाऱ्याशी भांडण, मुलाची शाळेची अॅडमिशन यासाठी नगरसेवकाकडे गेलं तर चालतं का?

चालतं, जातात सगळे, आणि चांगला नगरसेवक फोनही करून देतो. पण रेशन कार्ड अन्नपुरवठा खात्याचं, वीज वीज कंपनीची, भांडण पोलिसांचं, त्यात त्याला अधिकार नाहीत. जन्म-मृत्यूचा दाखला, नळजोडणी असल्या गोष्टींसाठी तर त्याच्याकडे जायची गरजच नाही, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. ऑफिसात त्या सेवांचा बोर्ड लावलेला असतो, तो वाचा.

प्रश्न : आमच्या नगरसेविका ताई आहेत पण फोन त्यांचे मिस्टर उचलतात, मीटिंगला ते येतात, अधिकाऱ्यांना तेच झापतात, बॅनरवर पण त्यांचाच फोटो मोठा. विरोधी पक्षवाले यावरून त्यांची टिंगल करतात. आम्ही कुणाशी बोलायचं?

ताईंशीच. टिंगल करणाऱ्यांच्या पक्षातही हेच चालतं, त्यामुळे त्यात पडू नका. 2011 पासून महाराष्ट्रात महिलांना 50 टक्के जागा राखीव आहेत, पण घरातली आणि पक्षातली माणसं सहजासहजी बाजूला होत नाहीत. माझ्या पहिल्या सहा महिन्यांत माझाही फोन घरातलेच उचलायचे, त्यांना वाटायचं मदत करतोय, आणि मलाही सुरुवातीला बरंच वाटायचं कारण ड्रेनेज आणि टेंडरमधलं काही कळत नव्हतं. ते बदललं एका बाईमुळे. ती दारात आली आणि म्हणाली, साहेबांशी नाही, मला तुमच्याशी बोलायचंय, आमच्याकडच्या सार्वजनिक संडासाला आतून कडी नाहीये. हे ती कुठल्या पुरुषाला सांगणार होती? मी तिच्याबरोबर गेले, बघितलं, आणि त्या दिवसापासून फोन स्वतःकडे ठेवला.

म्हणून तुम्हीही चार-पाच बायका मिळून जा. पत्रावर ताईंचं नाव, पोच ताईंची सही. मिस्टर मध्ये बोलले तर शांतपणे ताईंकडे बघून उत्तर द्या. अधिकाऱ्यांच्या अधिकृत बैठकीत बसायचा त्यांना कसलाही अधिकार नाही, हे वॉर्ड ऑफिसला लेखी विचारू शकता, पण ते शेवटी करा. आधी ताईंना बोलायची संधी द्या, कदाचित त्या कुणीतरी येण्याची वाट बघत असतील.

प्रश्न : आमच्या वस्तीनं त्यांना मत दिलं नाही म्हणून आम्हाला टँकर कमी येतो. पलीकडच्या वस्तीत रोज, आमच्याकडे दोन दिवसांनी. कुणी उघड म्हणत नाही पण सगळ्यांना माहितीये. हे सिद्ध कसं करायचं?

बऱ्याच लोकांना वाटतं की मत गुप्त असतं तर नगरसेवकाला कळतं कसं. तुमचं एकट्याचं मत गुप्तच असतं. पण मोजणी मशीनप्रमाणे होते, त्यामुळे कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते सगळ्या उमेदवारांना कळतं, आणि एक वस्ती म्हणजे एक-दोन केंद्रं. निकालाच्या रात्री ती यादी प्रत्येकाच्या घरी असते.

सिद्ध करायचं तर टँकरचं रजिस्टर मागा. किती वाजता भरला, कुठं रिकामा केला, किती फेऱ्या याची नोंद ठेवायची असते कारण त्याच्यावर ठेकेदाराचं बिल निघतं. तुम्ही इकडे वस्तीत कॅलेंडरवर रोज लिहा, आज आला, आज नाही आला, किती वाजता. महिनाभर. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. रजिस्टरमध्ये तुमच्या वस्तीच्या नावावर रोजच्या फेऱ्या लिहिलेल्या निघाल्या तर तो भेदभावाच्या पुढचा विषय आहे, मग ते पाणी विकलं कुठं गेलं हे विचारावं लागेल. तक्रार पाणीपुरवठा खात्याला आणि वर आयुक्तांना करा, त्यात मत, पक्ष, नगरसेवक यातलं काहीही लिहू नका, फक्त तारखा आणि फेऱ्या. पक्षाचं नाव घातलंत की अधिकारी तो राजकीय अर्ज म्हणून बाजूला ठेवतो, आणि समोरचा पक्ष तुमच्या वस्तीत येऊन हंडा मोर्चा काढून जातो, फोटो निघतात, टँकर तेवढाच येतो.

आता एक सांगायचं राहिलंय आणि ते लिहायला मला सोपं जात नाहीये. पहिल्या टर्मला ती केंद्रवार यादी मी पण घेऊन बसले होते. एका वस्तीतून मला फक्त एकेचाळीस मतं होती. मी त्यांचं पाणी तोडलं नाही, पण पाच महिने तिकडे गेलेही नाही, दुसरी कामं आधी केली, आणि मनाला समजावलं की वेळच मिळत नाही. मग उन्हाळ्यात गेले एकदाची. एका आजींनी खुर्ची दिली, पाणी पण दिलं, स्टीलच्या पेल्यात, अर्धा पेला. तो अर्धा का ते त्यांच्या दारातलं रिकामं पिंप बघितल्यावर मला कळलं. मतांबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी टँकरच्या फेऱ्या वाढवून घेतल्या, त्याला एक फोन पुरला. पाच महिने मी तो एक फोन केला नव्हता.

तुमच्या कॅलेंडरचा आणि रजिस्टरचा फोटो मला पाठवा. पहिली तारीख या सोमवारची टाका.